बी सायलेंट, एल बोलका!

परवा फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेत होतो. पॅनेलवर आम्ही तिघे. नांदेडकडचा एक मुलगा आला. टेक्निकल डेट म्हणजे काय, हा नेहमीचा प्रश्न. घाईत उरकलेलं काम नंतर व्याजासकट कसं फेडावं लागतं, ते त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टचं उदाहरण देऊन झकास सांगितलं. फक्त शब्द उच्चारला 'डेब्ट'. माझ्या शेजारचा गालातल्या गालात हसला आणि फॉर्मवर 'कम्युनिकेशन'समोर पाचपैकी दोन! मी गप्प बसलो, हे आधीच कबूल करतो.

आता त्या 'बी'ची कुंडली बघा. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. स्पेलिंग डी-ई-टी-टी-ई. पुढे लॅटिनच्या प्रेमात पडलेल्या पंडितांना मूळ 'डेबिटुम' आठवलं आणि त्यांनी बी घुसवला. बोलणारे आपले जुनाच उच्चार करत राहिले.

खरी गंमत पुढेच आहे. 'फॉल्ट' घ्या. फॉल्ट टॉलरन्समधला. त्यातला एलसुद्धा असाच लॅटिनच्या नादाने चिकटवलेला. जॉन्सनच्या १७५५ सालच्या डिक्शनरीत नोंद आहे, की बोलताना हा एल बहुधा गाळतात. नंतर मात्र इंग्रज स्पेलिंग बघून तो उच्चारायला लागले, आणि आज एल गाळणारा चुकतो! म्हणजे लिहिलंय तसं साहेबाने वाचलं तर तो शुद्ध उच्चार, आणि नांदेडच्या पोराने वाचलं तर 'व्हर्नॅक्युलर मीडियम'. वा रे न्याय!

"अरे, पण क्लायंटला कळायला नको?" इति शेजारी. मान्य. व्ही आणि डब्ल्यू सारखेच उच्चारले तर खरंच घोटाळा होतो, ते शिकावंच. पण 'डेब्ट' ऐकून कोण गोंधळणार? आणि हा हसणारा गृहस्थ 'थ्री', 'थँक्स' आपल्या मराठी 'थ'नेच म्हणतो. इंग्रजी उच्चारात जिभेचं टोक दातांशी ठेवून हवा घासत सोडायची असते. त्याचे मार्क कोणी कापले नाहीत, कारण अख्खं पॅनेल तसंच बोलतं. मीसुद्धा.

(आणि 'आमची मराठी लिहितो तश्शीच बोलतो' ही बढाईही नको. 'चार चाकं' एकदा मोठ्याने म्हणून बघा.)

फॉर्म अजून एचआरकडे आहे. सोमवारी जाऊन त्या दोनचे चार करायला लावणार आहे. शेजारी हे वाचत असेल तर त्यानेही यावं, सही त्याचीही लागेल.