वजनाचं ऑपरेशन: सांगू नका, पण लिंबूपाण्याला श्रेयही देऊ नका



मध्यंतरी एक बाई ओपीडी संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. सगळे पेशंट गेल्यावर आत आल्या, दार लोटून घेतलं आणि मग खुर्चीत बसल्या. वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन त्यांना सात महिने झाले होते. ऑपरेशन मोठ्या शहरात झालेलं. इथे गावात ‘बहिणीकडे राहायला गेले होते’ एवढंच सांगितलेलं. वजन ११२ किलोवरून ८१ वर आलं होतं. शुगरच्या दोन गोळ्या बंद झाल्या होत्या, जिना चढताना धाप लागत नव्हती. तब्येतीची काहीच तक्रार नव्हती. प्रश्न वेगळाच होता.

“सर, हळदीकुंकवाला गेले की सगळ्या घेरतात. काय केलं, काय केलं? मी सांगते, सकाळी लिंबूपाणी घेते आणि रात्रीचा भात सोडला. बरोबर करते ना?”

मी म्हणालो, अर्धं बरोबर करता. त्या अर्ध्याबद्दल आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल हा लेख आहे. (त्यांना विचारून लिहितो आहे. या लेखातल्या सगळ्याच पेशंटचे तपशील बदलले आहेत, तेव्हा कोण असतील याचा तर्क लढवू नका. उमरखेडला हा तर्क लढवण्यात फार वेळ जातो.)

आधी बरोबर असलेलं अर्धं. तुमच्या पोटावर काय शस्त्रक्रिया झाली हे जगाला सांगायला तुम्ही बांधील नाही. ‘लपवलं म्हणजे फसवलं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझा उलट प्रश्न आहे: तुमची मूळव्याध तुम्ही कोणाकोणाला सांगितली होती?

गंमत पाहा. हृदयाची बायपास झालेले काका शर्टाची वरची बटणं सोडून छातीवरची शिवण दाखवतात. गुडघा बदललेली आजी देवळात शेजारणीला खर्चासकट सगळी हकिकत सांगते. पित्ताशयातले खडे बाटलीत भरून शोकेसमध्ये ठेवणारा एक पेशंट मला माहीत आहे. मग पोटाच्याच ऑपरेशनला दार का लोटून घ्यावं लागतं? कारण आपण मनातून ठरवलेलं असतं की लठ्ठपणा हा आजार नाही, तो खादाडपणा आहे. आणि ऑपरेशन हा उपचार नाही, ती पळवाट आहे. ‘कष्ट न करता कमी केलं’ हे वाक्य मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे.

हे वाक्य चुकीचं आहे, आणि का ते समजून घ्या. कमी खाऊन वजन उतरवलं की शरीर स्वस्थ बसत नाही. ते वजन परत मिळवायच्या मागे लागतं. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. कडक आहाराने वजन कमी केलेल्या माणसांची भूक वाढवणारी हार्मोन्स एक वर्षानंतरही चढलेलीच होती आणि पोट भरल्याची जाणीव देणारी उतरलेली होती. म्हणजे ज्याला आपण ‘मनावर ताबा नाही’ म्हणतो, तो माणूस चोवीस तास स्वतःच्याच शरीराशी भांडत असतो. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. काढलेल्या भागातच घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन मोठ्या प्रमाणात तयार होतं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे जेवणानंतर तृप्तीची हार्मोन्स लवकर आणि जास्त स्रवतात. तेव्हा हे पोटाला नुसतं कुलूप घालणं नव्हे. शरीर ज्या सिग्नलांवर चालतं ते सिग्नलच बदलतात.

आणि कष्ट? पहिले काही आठवडे पातळ आणि मऊ अन्न. घास चावून चावून. जेवताना पाणी प्यायचं नाही. रोज प्रथिनं मोजायची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर. दर ठरावीक काळाने रक्ततपासणी. एवढं करूनही काहींचं वजन दोन-तीन वर्षांनी थोडं परत चढतं. ही पळवाट असेल तर बरीच चढणीची आहे.

हे ऑपरेशन हौसेने होतही नाही. आपल्याकडे आरोग्य विम्याच्या नियमांतसुद्धा ते बसवलं आहे: बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार. तेही इतर उपाय थकल्यावर. भारतीयांना कमी वजनातच मधुमेह गाठतो म्हणून डॉक्टर मंडळी याहून खालच्या बीएमआयलाही ऑपरेशनचा विचार करतात.

तर, सांगितलं नाही तर चालतं. नेत्यांकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, त्यांनी सांगितलंच ना? आपल्या नागपूरचे नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं. बातमी देशभर छापून आली. विदर्भातल्या कितीतरी लोकांनी ‘बॅरिॲट्रिक’ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला असेल, आणि माझ्याकडेही त्यानंतर विचारणा सुरू झाली. याचा फायदा झाला हे मान्य. उलट अमेरिकेत न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये खोट्या नावाने दाखल होऊन गुपचूप पोटाला बँड बसवून घेतला. मे महिन्यात बातमी फुटलीच. पण नेत्याची तब्येत हा लोकांच्या हक्काचा विषय असू शकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंची तब्येत तसा विषय नाही. नेत्याला टोमणे पचवायची सवय असते आणि पाठीशी माणसं असतात. बाईंना उद्या त्याच स्टाफरूममध्ये डबा उघडायचा असतो, आणि डब्यात अर्धी पोळी पाहून सहा जणी सल्ला देणार असतात.

ज्यांना निवड करायची संधीच मिळाली नाही, अशांचंही एक उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी शोभा डे यांनी एका लठ्ठ पोलिसाचा फोटो टाकून बंदोबस्तावर विनोद केला. तो माणूस मुंबई पोलिसांतला नव्हताच, मध्य प्रदेशातला निरीक्षक होता. फोटो देशभर फिरला. त्या थट्टेतूनच पुढे मुंबईत त्यांचं ऑपरेशन झालं, ही चांगली बाजू. पण वजन, आजार, ऑपरेशन, नंतरचा प्रत्येक किलो, सगळं चारचौघांत. ज्यांनी हसून फोटो पुढे पाठवला त्यांतल्या किती जणांनी नंतर लाज वाटून घेतली असेल, देव जाणे.

इथे मला माझीही एक चूक कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी एक तरुण पेशंट ऑपरेशननंतर पहिल्यांदा दवाखान्यात आला. त्याला बघून मला इतका आनंद झाला की दारातूनच ओरडलो, “अरे वा! ऑपरेशन मानवलं की!” वेटिंगमध्ये चौदा-पंधरा माणसं होती. त्यातले दोघे त्याच्या गल्लीतले. तो काही बोलला नाही, पण पुन्हा माझ्याकडे आला नाही. पेशंटचं गुपित फोडू नये हा नियम माझ्या व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेला आहे. नियम माहीत असून मी तो मोडला, आणि प्रेमाने मोडला म्हणून तो कमी मोडला असं होत नाही.

आता दुसरं अर्धं. लिंबूपाणी.

गप्प राहणं आणि खोटा उपाय सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने कोणाचं नुकसान होत नाही. दुसरीने होतं, आणि ते माझ्या टेबलासमोर येऊन बसतं. एक बाई आल्या होत्या. मधुमेह, वजन शंभरच्या पुढे. त्यांच्या ओळखीतल्या कोणाचं वजन ‘लिंबूपाणी, मध आणि एक वेळचं जेवण’ यावर तीस किलो उतरलं होतं. यांनी चार महिने तेच केलं. भर म्हणून शुगरच्या गोळ्याही बंद केल्या, कारण ‘तिच्याही बंद झाल्या’. आल्या तेव्हा शुगर ३८० होती, आणि वजन जेमतेम दोन किलो हललेलं. त्या रडत म्हणाल्या, “तिला जमलं, मलाच जमत नाही. माझ्यातच खोट आहे.”

ती ओळखीची कोण, हे मला ठाऊक होतं. तिच्या पोटावरच्या पाच छोट्या छिद्रांचे व्रण मी पाहिले होते. आणि मी एक शब्द बोलू शकत नव्हतो. बोलणं माझ्या धर्मात बसत नव्हतं. ‘प्रत्येकाचं शरीर वेगळं’ असं काहीतरी पुटपुटून मी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतका हतबल मी फार कमी वेळा झालो आहे.

पावडरचे डबे विकणाऱ्यांचा धंदा याच खोटेपणावर चालतो. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मध्ये डबा. ऑपरेशनचा फायदा कोणाचा आणि श्रेय कोणाला! तुम्ही हळदीकुंकवात सांगितलेलं लिंबूपाणी त्याच रांगेत जाऊन बसतं, तुमची इच्छा नसली तरी.

मग विचारलं तर सांगायचं काय? एक वाक्य देतो: “डॉक्टरांची ट्रीटमेंट घेतली.” हे पूर्ण खरं आहे. पुढे खोदून विचारलं तर, “ती माझ्यापुरती होती, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा.” याने ऐकणारी बाई निदान योग्य दारात जाईल. आणि समोर खरोखर तुमच्यासारखीच त्रासलेली कोणी असेल, तर तिला एकटीला बाजूला घेऊन खरं सांगावं असं मला वाटतं. सक्ती नाही. पण तुम्हालाही कोणीतरी असंच सांगितलं होतं, म्हणून तुम्ही इथवर पोहोचलात. काहींना मात्र सगळ्यांना सांगून टाकलेलंच सोपं जातं, कारण आपल्याकडे झपाट्याने वजन उतरलं की टीबीपासून कॅन्सरपर्यंत सगळं गावच ठरवून मोकळं होतं. तेही ठीक.

पण काही माणसांपुढे गप्प राहायचा हक्क तुम्हाला नाही, आणि त्यांत पहिला कोणताही डॉक्टर. इथे मी आवाज चढवून बोलणार आहे, कारण हे जीवावरचं आहे.

ऑपरेशननंतर कोणाला सतत उलट्या होऊ लागल्या तर काही आठवड्यांत बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपतो. अशा पेशंटला अशक्तपणा म्हणून नुसती ग्लुकोजची सलाईन लावली आणि आधी बी-१ दिलं नाही, तर मेंदूला इजा होऊ शकते: नजर हलते, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. आपल्याकडे ‘एक सलाईन लावा’ हा पेशंटचाच आग्रह असतो. ऑपरेशन लपवलेला पेशंट आणि त्याला न विचारता सलाईन लावणारा डॉक्टर, ही जोडी भयंकर आहे.

बायपास झालेल्याने कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून खाल्ली, तर जोडाच्या जागी अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. शुगरच्या आणि बीपीच्या जुन्या डोसच्या गोळ्या चालू राहिल्या तर चक्कर येऊन पडाल. बायपासनंतर महिन्यांनी किंवा वर्षांनीही आतड्याचा भाग आत अडकून एकाएकी पोटात कळा येऊ शकतात. साध्या सोनोग्राफीत ते कळेलच असं नाही. सीटी स्कॅन आणि सर्जन लागतो. इथून नांदेड गाठायचं म्हणजे तासांचा हिशेब. तो वेळ ‘ॲसिडिटी असेल’ म्हणण्यात घालवायचा का?

तरुण मुलींसाठी वेगळं सांगतो. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा मात्र कमी होतो. आणि ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून जी शुगर तपासतात, ती अशा बाईला सोसत नाही. घाम, धडधड, जुलाब होतात. डॉक्टरांना माहीत असेल तर त्या दुसऱ्या पद्धतीने तपासतील. म्हणून ज्याच्याशी लग्न करणार आहात त्याला लग्नाआधी सांगा. मध्यस्थाला नको, आत्याबाईंना नको, त्याला. आईवडील म्हणतात, “सर, सांगितलं तर जमलेलं मोडेल.” ऑपरेशन ऐकून मोडणारं लग्न पुढे रोजच्या गोळ्यांचा डबा बघून मोडणार नाही याची हमी कोण देतं? यावर माझ्याशी अनेकांनी वाद घातला आहे. माझं मत बदललेलं नाही.

विम्याच्या अर्जातही खरंच लिहा. तिथली लपवाछपवी क्लेमच्या वेळी नेमकी वर येते.

त्या बाईंना शेवटी मी एक काम दिलं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद. त्यावर कोणतं ऑपरेशन (स्लीव्ह की बायपास), तारीख, सर्जनचा फोन, चालू औषधं आणि खाली तीन ओळी: वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, उलट्या होत असल्यास ग्लुकोजआधी बी-१ द्यावं, सर्जनला विचारल्याशिवाय नाकातून नळी घालू नये. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये, आधार कार्डामागे. आणि घरातल्या एका माणसाला तो कुठे आहे हे माहीत हवं. त्या म्हणाल्या, “सासूबाईंना सांगू?” मी विचारलं, रात्री दोनला तुम्हाला दवाखान्यात कोण आणेल? थोडा विचार करून त्या म्हणाल्या, “सासूबाईच.”