तीन बोटांचे माप



आमची नात पुण्यात दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुटीत ती इंदापूरला आली, ती मेणाचे ठोकळे आणि कोरण्याची हत्यारे घेऊनच. दुकानाच्या गादीवर, वजनकाट्याशेजारी बसून ती मेणातून दाढा कोरीत असे. प्रत्येक दाढेचे उंचवटे, खळगे आणि मुळांचा कल हुबेहूब उतरल्याविना वहीवर सही मिळत नाही, असे तिने सांगितले. गिऱ्हाईक माल विसरून तिच्या हाताकडे पाहत उभे राही.

एका दुपारी मी विचारले, ‘‘बाळ, दाढ कळली, पण एवढ्या जाड पुस्तकात आणखी काय असते?’’ त्यावर तिने जे सांगितले, ते या सदरात मांडण्याजोगे वाटले. कारण आपल्या घरांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

दाताचे बाह्य आवरण, म्हणजे इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते. ज्या पेशी ते घडवितात, त्या दात हिरडीतून वर येताच नष्ट होतात. म्हणून झिजलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही. ते भांडवल आयुष्यात एकदाच मिळते. गालाच्या आतील अस्तराची गोष्ट निराळी आहे. तेथे अनेक थरांचा अभिस्तर असतो. तळाच्या पेशी सतत विभागत वर सरकतात आणि अंगावरील त्वचेपेक्षाही लवकर तो नवा होतो. गरम चहाने पोळलेले तोंड चार दिवसांत बरे होते, ते यामुळेच. टाळूच्या पुढील भागाचे आणि हिरडीचे अस्तर टणक असून हाडाला घट्ट चिकटलेले असते, कारण चर्वणाचा घासता भार त्यांनाच सोसावा लागतो. गालाचे अस्तर मात्र मऊ असते. त्याखाली कोलॅजनच्या तंतूंची सैल वीण असते आणि त्यात लवचिक तंतूही असतात. म्हणून आपण जांभई देऊ शकतो, मोठा घास घेऊ शकतो.

‘‘आणि आजोबा,’’ ती म्हणाली, ‘‘सुपारी नेमकी या विणीवर काम करते.’’

येथे मी सावरून बसलो. आमच्या घराण्याने तंबाखू दुकानात कधी ठेवली नाही, हा आमचा अभिमान. मशेरीसाठी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पहाटे येई, तेव्हा वडील नाक मुरडीत. परंतु सुपारीची पोती आजोबांच्या काळापासून आहेत. लग्न ठरले तर सुपारी फुटते, पूजेत गणपतीच्या जागी सुपारी बसते, जेवणानंतर पाहुण्यासमोर अडकित्ता येतो. तिच्यात दोष असेल असे मनात येण्याचे कारणच नव्हते. मी स्वतः पन्नास वर्षे, माल पारखण्याच्या निमित्ताने, दिवसातून सात-आठ वेळा खांड तोंडात टाकीत आलो.

सुपारीत अरेकोलिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या प्रभावाने तंतू निर्माण करणाऱ्या पेशी अधिक कोलॅजन तयार करतात. सुपारीत तांब्याचे प्रमाणही पुष्कळ असते. त्याने ते तंतू एकमेकांत बांधणाऱ्या विकराला जोर मिळतो. असे बांधले गेलेले तंतू शरीराला सहज मोडता येत नाहीत. सैल वीण हळूहळू दोरखंडासारखी होते. आधी तिखट झोंबू लागते, मग गाल आतून पांढुरका पडतो, शेवटी तोंड पुरते उघडत नाही. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदविला आणि पुढच्याच वर्षी भारतात जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिले.

आपल्या जिल्ह्याचाही या अभ्यासात वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे घरोघर जाऊन तपासली. तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच मंडळींनी केरळात या विकाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा पाच जणांना मुखाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने तर २००४ साली, तंबाखूविना खाल्लेली निव्वळ सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. सुपारीच्या पोत्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

नातीने मला सांगितले, ‘‘तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकत्र, उभी करून दातांमध्ये घाला.’’ निरोगी प्रौढाची स्वतःची तीन बोटे सहज जातात. माझी दोन गेली. तिसरे काही केल्या जाईना. मी हसून वय झाल्याचे कारण दिले. ती हसली नाही. तिने माझा गाल आतून बोटाने चाचपला, आणि पहिल्या वर्षाच्या त्या मुलीचा चेहरा उतरला.

बारामतीला दंतवैद्यांना दाखविले. विकार मध्यम आहे. तुकडा काढून तपासला, त्यात कर्करोग नाही. सुपारी सोडल्याने तो पुढे वाढणे थांबू शकते, परंतु झालेले तंतू मागे फिरत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. रोज तोंड उघडण्याचा व्यायाम आहे आणि दर तीन महिन्यांनी तपासणी.

सुपारी मी त्याच दिवशी सोडली. चातुर्मासात एकेक रसाचा त्याग केलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये, पण गेले. पहिले पंधरा दिवस जीभ सारखी गालाकडे धावे. दुकानातील पोत्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. थोरला म्हणतो, पूजेची सुपारी ठेवावी, खाण्याची आणि पुड्यांची बंद करावी. धाकटा विचारतो, गिऱ्हाईक पूजेला नेते की तोंडात टाकायला, हे काट्यावर कसे कळणार? दोघांचेही बरोबर आहे. तूर्त पुड्यांची माळ उतरविली आहे. त्या खिळ्याला नातीने कोरलेली मेणाची दाढ दोऱ्याने टांगली आहे. लोक विचारतात, मी सांगतो, आणि समोरच्याला तीन बोटे घालून पाहायला लावतो. गेल्या आठवड्यात आडतीवरच्या एका तिशीतल्या हमालाची दीडच गेली. त्याला उद्या बारामतीला घेऊन जायचे आहे.