दुखणं रेड्याला, डाग पखालीला

“गाडी आवाज करते हो,” एवढेच सांगून पनवेलच्या आसपास चार गॅरेजांत गाडी नेऊन पाहा. एक म्हणेल, चाकाचे बेअरिंग गेले. दुसरा म्हणेल, डिफरन्शिअल बोलतोय. तिसरा टायरला दोष देईल आणि चौथा गिअरबॉक्स उतरवायची तयारी करील. चौघेही छातीठोकपणे सांगतील. चौघांचे ऐकून चार वेळा खिशात हात घातला, तरी घरी परतताना आवाज आहे तिथेच!

अशा वेळी गाडीमालक दोनपैकी एक करतो. एक तर सगळ्याच मेकॅनिकांना चोर ठरवतो, नाही तर “जुनी झाली, विकून टाकू” म्हणून गाडी मातीमोलाने काढतो. दोन्ही चूक. आमचे म्हणणे असे, की या गोंधळात लबाडी थोडी आणि तपासाविना पार्ट बदलण्याची खोड जास्त आहे. आणि त्या खोडीला खतपाणी घालणारा निम्मा हात गाडीमालकाचाच आहे.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. त्याला उत्तर आहे. १९७० साली सिडको आली आणि पनवेल-उरण पट्ट्यातल्या भातशेतीवर नवे शहर उभे राहिले. जमीन गेली, मोबदला आला आणि त्यातून कित्येक घरांच्या दारात बैलांच्या जागी टेम्पो, जीप, पिकअप, डंपर उभे राहिले. ज्यांची शेती शिल्लक आहे, त्यांचीही भाजी रात्री गाडीतूनच वाशी मार्केटला जाते. म्हणजे आज गाडी हाच आपला बैल आहे. ती दोन दिवस गॅरेजात उभी राहिली तर भाडे बुडते, माल सुकतो, पण बँकेचा हप्ता थांबत नाही.

चार मेकॅनिक, चार मते का?

पहिले कारण साधे आहे. ज्याच्या हातात जे काम, त्याला तेच ऐकू येते. टायरवाल्याने हजारो टायर पाहिलेले असतात, गिअरबॉक्सवाल्याने गिअरबॉक्स. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या माणसाचा कान तयार असतो, यात शंका नाही. पण तो ज्या कामात तयार झाला, त्याच कामाकडे ओढतो.

दुसरे कारण असे, की चौघांनी एकच आवाज ऐकलेलाच नसतो. गाडी कळंबोली ओलांडून, हौदा भरलेला असताना, इंजिन तापल्यावर घुमते. आणि तुम्ही ती मेकॅनिककडे नेता सकाळी, रिकामी, थंड. तो जागेवर उभ्या गाडीचा अॅक्सिलरेटर दाबतो, कान देतो आणि म्हणतो, “मालक, तुमच्या मनाचे खेळ आहेत.” त्याचे काय चुकले? बैल चालताना लंगडत असेल तर जनावरांचा डॉक्टर त्याला आधी चालवून बघतो. उभ्या बैलाची लंगडी कुणाला दिसणार?

तिसरे कारण जरा बोचणारे आहे. मेकॅनिकने अर्धा तास गाडी चालवली, चाके उचलून पाहिली आणि सांगितले, “पार्ट काही बदलू नका, पाट्याचा बोल्ट ढिला होता, आवळला,” तर आपण त्याला काय देतो? चहा! “नुसते बघायचे पैसे कसले?” असे वर ऐकवतो. म्हणजे योग्य निदान करणारा उपाशी आणि पार्ट बदलणारा तुपाशी. मग तो पार्टच बदलणार. दुखणे रेड्याला असते आणि डाग पखालीला दिला जातो, तो यामुळे.

आवाजाला प्रश्न विचारा

मेकॅनिककडे जाण्याआधी तुमच्याकडे चार गोष्टींचे उत्तर हवे : आवाज कधी येतो, किती वेगाला येतो, काय केल्याने वाढतो, काय केल्याने थांबतो. एका वहीच्या पानावर लिहा. गाडी ड्रायव्हर चालवत असेल तर त्यालाच गॅरेजात पाठवा. मालकाने ऐकीव सांगू नये.

धरून चला, तुमची पिकअप चाळिशीच्या पुढे घूंऽऽ असा आवाज करते आणि वेगाबरोबर तो वाढतो. आता एकेक पारखा. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग वाढवला आणि तसाच आवाज आला, तर दोष इंजिनाकडे. नाही आला, तर तो चाकांबरोबर फिरणाऱ्या भागांत. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर, बरोबर माणूस घेऊन चालवा. अॅक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि पाय उचलला की दुसरा, तर डिफरन्शिअलवर संशय घ्या. अॅक्सिलरेटरने काही फरक पडत नाही, पण वळणावर आवाज बदलतो, तर बेअरिंग पाहा. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा डाव्या बाजूचे बेअरिंग.

आता टायर. खराब झिजलेला टायर आणि गेलेले बेअरिंग हे आवाजाने सख्खे भाऊ. बेअरिंगे बदलून पैसे वाया जातात ते या दोघांची गल्लत झाल्यामुळे. पण टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गाडी गेली, की काँक्रीटच्या खाचांमुळे चांगला टायरही थोडा गुणगुणतो, तो दोष नव्हे. हाताचा तळवा टायरवरून पुढे आणि मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर झीज वाकडी आहे. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघा. आवाजही जागा बदलून मागे गेला, तर बेअरिंगचा खर्च वाचला म्हणून समजा. मात्र नुसते टायर बदलूनही भागणार नाही. झीज वाकडी का झाली, म्हणजे अलाइनमेंट, हवा किंवा झिजलेले बुश, हे शोधा. नाहीतर नवे टायरही तसेच जातील.

शेवटी चाक उचलून हाताने फिरवा. खरखर लागते का, वर-खाली धरून हलवल्यास ढिले वाटते का, ते पाहा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली मात्र शिरू नका. दुसऱ्या चाकांना अडणी लावा आणि खाली भक्कम ठोकळे द्या.

इतर आवाजांचीही अशीच भाषा आहे. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. उलट न्यूट्रलला येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय. गाडी उचलताना मागून ठक् असा एकच ठोका पडला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक आली, तर एक्सलचा जॉइंट. लहान खड्ड्यांत खडखड आली, तर बुश नि लिंक. आणि या सगळ्याच्या आधी सीटखालचा जॅक, स्टेपनी, नंबरप्लेट, मडगार्ड आणि सायलेन्सरवरचा पत्रा हाताने हलवून पाहा. फुकटचे आधी बघावे, महागाचे शेवटी.

काही आवाजांना मात्र प्रश्न विचारत बसू नये. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखे वाटले, चाकाच्या घरघरीबरोबर स्टिअरिंग थरथरू लागले किंवा ऑइलचा लाल दिवा लागून इंजिन ठोकू लागले, तर गाडी तिथेच बाजूला घ्या. ऑइलचा दिवा असेल तर इंजिन लगेच बंद करा. बोरघाटात चाक अडकणे किंवा ब्रेक न लागणे म्हणजे काय, ते घाटात गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको.

पार्ट नवा, आवाज जुना

निदान बरोबर असूनही आवाज राहतो, हेही लक्षात घ्या. नवे बेअरिंग प्रेसने बसवायचे असते. ते हातोड्याने ठोकून बसवले, तर त्याच्या आतल्या गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवे कोरे बेअरिंग थोड्याच दिवसांत घुमायला लागते. मग दुसरा मेकॅनिक म्हणतो, “पहिल्याला कळलेच नव्हते.” खरे म्हणजे त्याला रोग कळला होता, औषध नीट दिले नाही. म्हणून आवाज राहिला, तर लगेच पुढच्या गॅरेजची वाट धरू नका. आधी त्याच माणसाला गाडीत बसवून आवाज ऐकवा आणि काम कसे केले ते विचारा.

आणखी एक. एका वेळी एकच गोष्ट बदला. टायर, बेअरिंग आणि बुश एकदम बदलले आणि आवाज गेला, तर तो कशाने गेला हे देवालाच ठाऊक. परत आला, की पुन्हा पहिल्यापासून तपास.

भारत स्टेज सहाचे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत सेन्सर भरपूर आहेत. त्यामुळे “स्क्रीनवर काही आले नाही, म्हणजे गाडी ठीक,” असे सांगणारे भेटतात. स्कॅनर यंत्र इंजिनाचे नि विजेचे दोष चांगले दाखवते. पण साध्या रबरी बुशला किंवा टायरच्या झिजेला सेन्सर नसतो. तिथे कान, हात आणि रस्त्यावरची चाचणीच उपयोगी.

सरपंच आणि अधिकारी यांच्यासाठी

ग्रामपंचायतीच्या दारातला पाण्याचा टँकर, घंटागाडी किंवा ट्रॅक्टर हा कुणा एकाचा नसतो, म्हणून त्याचे दुखणे कुणीच नीट ऐकत नाही. ड्रायव्हर तोंडी सांगतो, बिल येते, सही होते. यावर उपाय खर्चिक नाही. गाडीत एक वही ठेवा. त्यात ड्रायव्हरने तारीख, किलोमीटर आणि आवाजाची तक्रार लिहावी. दुरुस्तीच्या बिलाबरोबर दोन ओळी मागाव्यात : दोष काय आणि तो कोणत्या चाचणीने ठरला. उतरवलेला पार्ट जमा करून घ्यावा. महिन्याने ड्रायव्हरने पुन्हा लिहावे, आवाज गेला की नाही. ऐन मे महिन्यात टँकर बंद पडला तर त्याची झळ सहीवाल्याला नाही, हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला लागते.

गाडीमालकांनीही हेच करावे. तपासणीचे पैसे वेगळे ठरवा आणि खुशीने द्या. पार्ट बदलायचा की नाही ते तपासणीनंतर. खर्चाचा अंदाज लिहून घ्या, जुना पार्ट मागा, पक्के बिल घ्या. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे दिलेल्या सेवेचे बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते. दहा डंपर भाड्याने फिरवणाऱ्याला ते दार तितके सहज उघडत नाही. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे तक्रारीला फी नाही, आणि तक्रार २ वर्षांच्या आत करायची असते. रायगडचा आयोग अलिबागला आहे. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण कागद नसेल तर कायदाही मुका. म्हणून बिल!

मेकॅनिक बंधूंनाही एक विनंती. “आत्ता सांगता येत नाही, चालवून बघतो,” असे म्हणण्यात कमीपणा मानू नका. ते म्हणणाऱ्याकडेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. आणि गाडीवाल्यांनो, असे म्हणणारा माणूस पनवेलात तुम्हाला सापडला, तर त्याच्या त्या अर्ध्या तासाचे पैसे त्याने न मागता द्या. वाचलेल्या एका पार्टमध्ये ते कधीच वसूल झालेले असतात.