मैदान सर्वांचे

फुटबॉलचा सामना तुम्ही कधी मैदानावर जाऊन पाहिला आहे का? टीव्हीवर सामना पाहणे वेगळे आणि मैदानावर पाहणे वेगळे. मैदानावर हजारो माणसे एकाच वेळी श्वास रोखतात आणि एकाच वेळी ओरडतात. शेजारी बसलेल्या माणसाचे नावही आपल्याला माहीत नसते. तरी आपल्या संघाने गोल केला, की आपण त्याला मिठी मारतो. त्या क्षणी कोणी परका राहत नाही. सगळे आपले होतात.

आता अशा एका प्रेक्षकाचा विचार करा, जो चाकांच्या खुर्चीत बसून सामना पाहायला आला आहे. आपल्या संघातील सर्व खेळाडूंची नावे त्याला पाठ आहेत. तो तासभर वाट पाहतो. अखेर त्याच्या संघाचा खेळाडू चेंडू घेऊन पुढे धावतो. पुढच्या रांगांतील सगळे लोक उठून उभे राहतात आणि याला दिसतात फक्त त्यांच्या पाठी! गोल झाला, हे त्याला आवाजावरून कळते. ज्या क्षणासाठी तो इतक्या दूर आला, नेमका तोच क्षण हातातून निसटतो.

यात त्या लोकांचा दोष आहे का? नाही. आनंद झाला, की माणूस उभा राहणारच. दोष आहे तो मैदान बांधणाऱ्यांचा. असा प्रेक्षकही येईल, हे त्यांच्या लक्षातच आले नाही. खरे तर उपाय सोपा आहे. चाकांच्या खुर्चीची जागा इतकी उंच ठेवायची, की पुढचे लोक उभे राहिले तरी मैदान दिसावे. शेजारी सोबत्यासाठी एक खुर्ची ठेवायची. पायऱ्यांबरोबर उतार किंवा लिफ्ट द्यायची आणि चाकांची खुर्ची आत वळू शकेल एवढे मोठे स्वच्छतागृह बांधायचे.

फुटबॉलवेड्या इंग्लंडमध्येही हे सहज घडले नाही. मँचेस्टर युनायटेड या संघाच्या अपंग पाठीराख्यांनी १९८९ मध्ये आपली संघटना स्थापन केली. इतर ठिकाणीही लोक संघटित झाले. वर्षानुवर्षे मागणी केल्यावर २०१५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी वचन दिले, की ऑगस्ट २०१७ पर्यंत मैदानांवर आवश्यक सोयी करू. काही क्लबांना ही मुदत पाळता आली नाही. पण काम पुढे सरकले. मँचेस्टर युनायटेडने २०१७ मध्ये आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर अपंग प्रेक्षकांसाठी तीनशेहून अधिक नव्या जागा करण्याचे जाहीर केले. त्यासाठी दोन हजारांहून अधिक साध्या खुर्च्या कमी कराव्या लागणार होत्या.

कोणी म्हणेल, "थोड्या लोकांसाठी एवढे नुकसान कशाला?" मला हा हिशेब पटत नाही. आज धडधाकट असलेला माणूस उद्या म्हातारा होतो. कोणाचा पाय मोडतो. कोणाच्या कडेवर तान्हे मूल असते. उतार आणि लिफ्ट या सर्वांच्याच कामी येतात. शिवाय मैदान बांधतानाच विचार केला, तर खर्च कमी येतो. आधी विसरायचे आणि मग तोडफोड करायची, हेच महाग पडते.

केवळ जागा मिळाली म्हणजे सारे झाले, असेही नाही. परगावाहून आलेल्या अपंग प्रेक्षकाला कित्येकदा विरुद्ध संघाच्या पाठीराख्यांमध्ये बसवले जाते, कारण सोयीची जागा तेवढीच असते. आपल्या संघाने गोल केला, तरी बिचाऱ्याने गप्प बसायचे! त्याला मैदान दिसते. पण आपली माणसे मिळत नाहीत. म्हणून मी म्हणतो, जागा हवी आणि ती आपल्या लोकांमध्ये हवी.

अपंगत्व एकाच प्रकारचे नसते. अंध माणूस मैदानावर जाऊन काय करणार, असे तुम्हाला वाटेल. पण आता काही मैदानांवर त्यांच्यासाठी खास समालोचन असते. चेंडू कोठे आहे, कोणता खेळाडू कोणत्या बाजूने धावतो आहे, हे समालोचक क्षणोक्षणी कानात सांगतो. त्यामुळे गोल होताच अंध प्रेक्षकही सर्वांबरोबर ओरडतो, नंतर नाही. ऑटिझम असलेल्या काही मुलांना गर्दीचा गोंगाट सहन होत नाही. इंग्लंडमधील संडरलंड येथे अशाच एका मुलाच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला. २०१५ मध्ये तेथील मैदानावर एक शांत खोली तयार झाली. तिच्या काचेतून मुले निवांतपणे सामना पाहू शकतात.

२०२२ च्या विश्वचषक स्पर्धेचे उद्‌घाटन तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. कतारमधील अल् बैत मैदानावर गानिम अल् मुफ्ताह हा वीस वर्षांचा तरुण सर्व जगासमोर आला. त्याच्या शरीराचा खालचा भाग जन्मापासून वाढलेला नाही. त्याने कुरआनमधील आयत पठण केली. प्रसिद्ध अभिनेते मॉर्गन फ्रीमन त्याच्याशी बोलताना जमिनीवर बसले. मला ते दृश्य फार बोलके वाटते. त्यांनी गानिमला उचलून वर घेतले नाही. ते स्वतः खाली बसले. मैदानांनीही नेमके हेच करायचे आहे. माणसाला बदलायचे नाही. आपली रचना बदलायची.

"घरी बसून टीव्हीवर पाहा ना!" असा सल्ला अनेक जण देतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण ईदची नमाज ईदगाहवर जाऊन अदा करण्यात आणि लग्नाच्या मांडवात सर्वांबरोबर जेवण्यात जो आनंद आहे, तो घरात एकट्याने बसून मिळेल का? माणसाला माणसांत बसायचे असते.

आपल्या देशात २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात खेळ आणि करमणूक यांचाही विचार आहे. आता आपण 'अपंग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द वापरू लागलो आहोत. शब्द बदलला, हे चांगलेच झाले. पण दारातील पायऱ्या तशाच राहिल्या, तर नुसत्या शब्दाने कोणी आत येऊ शकेल का?

मित्रांनो, मोठी मैदाने बांधणे तुमच्या हातात नाही. पण शाळेचे मैदान तर तुमचेच आहे. पुढच्या क्रीडादिनी एकदा नीट पाहा. तुमच्या शाळेतील किंवा मोहल्ल्यातील कोणी चालू न शकणारा मुलगा, कोणी न दिसणारी मुलगी तेथे आहे का? नसेल, तर का नाही, हे विचारा. त्यांना दार अडवते, की पायरी, की आपण बोलावलेच नाही? मग त्यांच्यासाठी जागा ठेवा. पण कोपऱ्यात नको. तुमच्या वर्गाच्या रांगेत, तुमच्या शेजारी ठेवा. तुमच्या संघाने गोल केला, की मिठी मारायला ते हाताच्या अंतरावर असले पाहिजेत.