पॅनेलची डीसी, लायनीची एसी : नदीकाठच्या शेतकऱ्यानं सांधा कुठं घालायचा?

नृसिंहवाडी : पंचगंगा-कृष्णेचं पाणी चढायला लागलं की शिरोळ तालुक्यात नदीकाठी पहिली धांदल असते ती मोटारी वर काढायची. त्यानंतर लाइट बंद होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इथले डीपी, खांब, स्टार्टरच्या पेट्या सगळं पाण्याखाली गेलं होतं. अशा गावांत नवीन वीज कनेक्शन मागायला गेलेल्या शेतकऱ्यापुढं आता ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना ठेवली जाते. सर्वसाधारण गटाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के रक्कम भरायची, बाकी अनुदान. पैशाच्या हिशेबानं सौदा चांगला आहे. पण पूरपट्ट्यात प्रश्न नुसता पैशाचा नाही, विजेच्या जातीचाही आहे.

पॅनेलवर तयार होते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. डीपीवरून येते ती एसी, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी. सौर पंपात एकतर डीसीवर चालणारी मोटार असते, नाहीतर कंट्रोलर डीसीची एसी करून नेहमीसारखी मोटार फिरवतो. दोन्हीत पंप लायनीपासून तुटलेलाच. ऊस पाण्यावर नसेल त्या दिवशी पॅनेलची वीज वायाच जाते.

ढगाळ हवेची भीती मात्र लोक उगाच जास्त धरतात. उसाला पाणी लागतं ते उन्हाळ्यात, आणि तेव्हा ऊन भरपूर असतं. खरी अडचण आहे ती उचलीची. सौर पंप ३, ५ आणि साडेसात एचपीचे. नदीवरून लांब पाइपलाइन टाकून वरच्या मळ्याला पाणी नेणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारी याच्या कितीतरी पट मोठ्या. त्यांना हा पंप पुरत नाही. विहिरीवर, नाहीतर नदीलगतच्या दोन-तीन एकराला तो चालून जातो.

दुसरी गोष्ट पुराची, आणि ती कुणी फारशी बोलत नाही. पूर आला की उपकेंद्रातून फीडर बंद करता येतो, लायनीची तार मरते. पॅनेल मात्र कुठल्याच उपकेंद्रातून बंद होत नाही. उजेड आहे तोवर ते वीज बनवत राहतं, वायर पाण्यात बुडालेली असली तरी. ५ एचपी पंपाला सुमारे ४८०० वॅटची पॅनेलं लागतात, म्हणजे हा काही खेळ नव्हे. शिवाय एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळं बटण तोडताना उडालेली ठिणगी विझते. डीसीची ठिणगी लांबत जाते. म्हणून डीसीला तिचाच वेगळा स्विच लागतो, घरातला एमसीबी तिथं बसवून चालत नाही. पूर ओसरल्यावर पेटी उघडायला जाणाऱ्या गड्याला हे कोण सांगणार?

दोन्ही विजा एकत्र नांदवणं महाराष्ट्राला नवीन नाही. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची डीसी लाइन १९९९ पासून आहे, १५०० मेगावॅटची. पण तिच्या दोन्ही टोकांना एसी-डीसीचा बदल करणारी मोठी केंद्रं आहेत, तिथं जाणती माणसं आहेत. शेतात तोच सांधा एका पेटीत असतो, आणि भवताली ऊस.

‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ हा सांधा उपकेंद्राजवळ नेते. प्रकल्पातली डीसी तिथंच इन्व्हर्टरनं एसी होऊन फीडरवर चढते. शेतकऱ्याची मोटार, स्टार्टर, केबल आहे तेच राहतं. लाइन गेली की असा इन्व्हर्टरही आपोआप थांबतो, त्यामुळं वायरमनला धोका कमी. दिवसा लाइट मिळावी म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टींनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात आंदोलन केलं होतं. रात्री पाणी पाजण्याचा तो त्रास कमी करायला नदीकाठाला हीच वाट जास्त सोयीची दिसते. अर्थात फीडर बंद पडला की सगळ्यांचंच पाणी थांबतं, ही तिची उणीव.

या प्रकल्पाला जागा देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. शिरोळ तालुक्यात क्षारपड होऊन पडून राहिलेली जमीन थोडी नाही. त्यातली पूररेषेच्या वरची आणि उपकेंद्राजवळची किती, याची यादी गावानं काढली तर गायरानाला हात लावायची वेळ येणार नाही.

ज्यांना वैयक्तिक पंपच घ्यायचाय, त्यांनी कंट्रोलरची पेटी आणि डीसी स्विच २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवून मागावा. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा योजनेत आहे, पण त्या विम्यात पुराचं पाणी धरलंय का, हे सही करण्याआधी वाचून घ्यावं. खुणा शोधायला लांब जावं लागणार नाही, नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर त्या अजून आहेत.