घरातला ‘ड्रॅगन’ म्हातारा झाला तर? नागपूरचा उन्हाळा, कुलर आणि कायदा

नवतपा सुरू झाला की नागपुरात कुलर दिवस-रात्र चालू असतात. माणसांना त्याने गारवा मिळतो. पण त्याच खोलीत काचेच्या पेटीत बिअर्डेड ड्रॅगन असेल, तर कुलरची दमट हवा त्याला आजारी पाडू शकते. प्राणी म्हातारा असेल तर धोका आणखी वाढतो.

कुत्र्या-मांजरांच्या म्हातारपणाबद्दल बरीच माहिती मिळते. हातभर लांबीच्या या विदेशी सरड्याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. रील्समध्ये दिसतो तो खांद्यावर बसलेला तरुण, तरतरीत ड्रॅगन. त्याच्या पुढच्या वर्षांचे काय?

हा प्राणी नेमका कोणता?

बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला सरडा. शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स. आपल्या कुंपणावर मान हलवणारा सरडा आणि हा एकाच कुळातले. घाबरला किंवा चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, म्हणून ‘दाढीवाला’.

चांगली निगा राखली तर तो साधारण 8 ते 12 वर्षे जगतो. सहा-सात वर्षांनंतर वय दिसू लागते. म्हणजे कॉलेजात असताना कोणी हौसेने पिल्लू आणले आणि पुढे नोकरीसाठी पुणे-बंगळुरू गाठले, तर म्हातारा ड्रॅगन सांभाळायची वेळ अनेकदा आई-बाबांवर येते.

म्हातारपण की आजार?

जास्त झोपणे, हळू चालणे, फांदीवर चढायला कंटाळा, भूक थोडी कमी होणे हे वयाचे बदल असू शकतात. पण जबडा मऊ पडणे, पाय थरथरणे, सांधे सुजणे, तोंड उघडून घरघर श्वास घेणे किंवा शेपटीचा बुडखा आणि डोळे खोल जाणे हा आजार आहे. ‘वय झाले’ म्हणून तो सोडून देऊ नये.

सगळ्यात सोपी तपासणी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होते. मोठा ड्रॅगन साधारण 300 ते 500 ग्रॅमचा असतो. आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे. वजन दहा टक्क्यांनी घटले तर डॉक्टरांकडे न्यावे.

हिवाळ्यात आणखी एक गोंधळ होतो. थंडीत हे सरडे अनेक दिवस सुस्त पडून राहतात, आणि तरुण, निरोगी प्राण्यात ते नैसर्गिक असते. म्हाताऱ्या प्राण्यात मात्र झोप आणि आजार सारखेच दिसतात. त्यामुळे थंडीच्या आधी एकदा तपासणी करून घेतलेली बरी.

नागपूरचे हवामान का महत्त्वाचे?

मे 2013 मध्ये नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. डिसेंबर 2018 मध्ये तो 3.5 अंशांपर्यंत उतरला. वाळवंटी प्राणी असल्यामुळे त्याला उष्णता चालते, हे अर्धे खरे आहे. त्याला दिव्याखाली 38 ते 42 अंशांची ऊब लागते, पण पेटीच्या दुसऱ्या टोकाला 25 ते 28 अंशांचा गारवाही लागतो. ऑस्ट्रेलियात तो तापला की सावलीत किंवा बिळात जातो. बंद पेटीतून त्याला कुठेच जाता येत नाही.

म्हणून खोलीच 40 अंशांवर गेली असेल, तर उबेचा दिवा बंद ठेवावा आणि पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवावी. कुलरचा झोत पेटीवर येऊ देऊ नये. या प्राण्याला साधारण 30 ते 40 टक्के आर्द्रता मानवते. सतत ओलावा राहिला तर फुप्फुसांचा संसर्ग होऊ शकतो. पावसाळ्यातही हीच काळजी घ्यावी लागते. हिवाळ्यातल्या रात्री प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटसह वापरावा.

निगेत काय बदलायचे?

फांद्या आणि दगड खाली आणावेत, म्हणजे पडून हाड मोडणार नाही. टाइल्सवर पाय घसरतात, त्यामुळे तळाला खरखरीत पृष्ठभाग हवा. यूव्हीबी ट्यूब दिसायला पेटलेली असली तरी तिचे किरण कमी होत जातात. कंपनीच्या सूचनेनुसार ती 6 ते 12 महिन्यांनी बदलावी. हे किरण नसतील तर शरीर कॅल्शियम नीट वापरू शकत नाही आणि हाडे ठिसूळ होतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा इथे उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते.

आहारात किडे कमी आणि भाजी जास्त असावी. जास्त प्रथिनांनी वयस्क प्राण्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. शेवग्याचा पाला, लाल भोपळा बारीक चिरून द्यावा. पालक रोज नको, कारण त्यातले ऑक्सलेट कॅल्शियम अडवते. नागपूरची संत्री घरात कितीही असली तरी आंबट फळे त्याला देऊ नयेत. काजवे तर विषारीच. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत, कारण सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. घरात लहान मुले असतील तर हे विसरू नये.

कायदा काय म्हणतो?

2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात चौथी अनुसूची बदलली. सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी आता तिथे आहेत. त्यासाठीचे नोंदणी नियम फेब्रुवारी 2024 मध्ये आले. अशा प्राण्याचा ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू परिवेश 2.0 पोर्टलवर कळवावा लागतो.

घरात पाळला जाणारा ग्रीन इग्वाना या यादीत आहे. प्रत्येक विदेशी सरडा मात्र नाही. म्हणून दुकानदाराच्या तोंडी भरवशावर न राहता प्राण्याचे शास्त्रीय नाव अनुसूचीशी ताडून पाहावे, शंका असल्यास वन विभागाला विचारावे आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. आपली घोरपड पाळणे तर गुन्हाच आहे. ती पहिल्या अनुसूचीत आहे.

सांभाळणे जमत नसेल तर?

फुटाळा किंवा गोरेवाड्याच्या झाडीत सोडून देणे म्हणजे सुटका नव्हे. पेटीत वाढलेला म्हातारा ड्रॅगन तिथे उपाशी मरेल किंवा शिकार होईल, आणि त्याच्यातले रोगजंतू स्थानिक सरड्यांपर्यंत पोहोचू शकतात. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिथला पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजूनही 10 ते 50 रुपयेच आहे.

सेमिनरी हिल्सवरचे वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर जखमी वन्यप्राण्यांसाठी आहे. ते पाळीव प्राणी सोडून जाण्याचे ठिकाण नाही. उपचारांसाठी नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे चौकशी करता येते. ती चौकशी प्राणी धडधाकट असतानाच करावी, कारण मे महिन्यातल्या दुपारी आजारी ड्रॅगन घेऊन शहरभर फिरणे त्याच्याच जिवावर बेतू शकते.

पिल्लू विकत घेण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे : दहा वर्षांनी या घरात त्याचा दिवा कोण लावणार?