रानफुलांची ओळख : कळलावी



श्रावण लागला की आमच्या पांढरकवड्याकडे शेताच्या धुऱ्यांवर, काटेरी कुंपणांत आणि टेकड्यांच्या उतारावर जणू दिवे लागतात. खाली पिवळ्या, वर लालभडक, कडा नागमोडी आणि तोंड आभाळाकडे. अशा सहा पाकळ्यांचं फूल म्हणजे कळलावी! संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते उगीच नाही.

पण हे फूल घरात आणू द्यायचे नाहीत. आजी म्हणायची, "ठेव बाहेर, घरात भांडणं लागतील!" कळ लावणारी ती कळलावी. आता फूल बिचारं कसलं भांडण लावणार? मात्र मोठ्यांच्या धाकामुळे मुलं या वेलीपासून लांब राहायची, आणि ते बरंच होतं. का, ते सांगतो.

एकदा मुळांचा पाठ शिकवताना मी मुलांना म्हटलं, "उद्या वेगवेगळी मुळं घेऊन या." कुणी मुळा आणला, कुणी गवत उपटून आणलं. एका पोरानं धुऱ्यावरून जाडजूड, वाकडा गड्डा खणून आणला. म्हणाला, "गुरुजी, हे रताळं भाजून खाता येते काय?" माझ्या छातीत धस्सच झालं! तो कळलावीचा कंद होता. नांगरासारखा दिसतो म्हणून तिचं दुसरं नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. वेलीचा प्रत्येक भाग विषारी, त्यात कंद आणि बिया सर्वांत जास्त. पोटात गेल्या तर जीवही जाऊ शकतो. मी आधी त्याचे हात साबणानं धुवायला लावले. चूक त्याची नव्हती, माझी होती. काय आणू नये, हे मीच सांगितलं नव्हतं.

गंमत पाहा, याच विषातून कोल्चिसीन नावाचं औषध मिळतं. डॉक्टर ते संधिवाताच्या एका प्रकारावर अगदी मोजून देतात. बियांसाठी तमिळनाडूत या वेलीची शेतीही होते. ते त्या राज्याचं राज्यफूल आहे.

ही वेल आफ्रिकेतही आहे. तिथं तिची रूपं निरनिराळी. कुठं रुंद पाकळ्यांची, किरमिजी रंगाची आणि पिवळ्या काठाची, तर कुठं निव्वळ पिवळी. पूर्वी शास्त्रज्ञांनी त्यांना वेगवेगळी नावं दिली होती. आता त्यांतली बरीचशी 'ग्लोरिओसा सुपर्बा' या एकाच जातीत धरतात. हे नाव लिनियसनं 1753 साली दिलं. झिम्बाब्वेचं तर हे राष्ट्रीय फूल!

आमच्याकडे मात्र औषधासाठी कंद खणून नेल्यानं वेली कमी होत चालल्या आहेत. पावसाळा सरला की वेल वाळते, पण कंद मातीत झोपून राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा उगवतो. कंदच गेला तर उगवणार काय?

तेव्हा यंदा कळलावी दिसली तर लांबूनच निरखा. पानाचं टोक बघा, स्प्रिंगसारखं वळून आधाराला कसं धरतं ते! वहीत चित्र काढा. कळी हिरवट असते, मग रंग कसा बदलतो ते रोज टिपा.

फूल मात्र वेलीवरच राहू द्या. कंदाला हातही लावू नका.

तुमचे,
गुरुजी